शेवटचा रकाना

“ह्यो आकडा पुसला तर काय हुईल?”

मी गेरूचा कुंचला नुकताच दगडावर टेकवला होता. झोपडी म्हणजे तुराट्यांचा कूड आणि वर पाचट. कुडावर आकडा उठेना, म्हणून दाराशी पडलेल्या काळ्या दगडावर मी सत्तावीस काढीत होतो.

“पुसू नये. खानेसुमारी पुरी होईपर्यंत राहिला पाहिजे.”

“मंग शेजारच्या पारूला दम भरा. तिनं तिचा आकडा शेणानं सारवून टाकलाय. म्हनती, जिच्या दारात आकडा तिचा दादला काबूलच्या लढाईवर.” ती बाई हसली. “म्या म्हनलं, बये, तुझ्या दादल्याला नेऊन सरकार काय करनार? कुदळ उचलताना त्यो कन्हतुया, तलवार काय उचलनार?”

मीही हसलो असेन. सकाळपासून सव्वीस झोपड्या झाल्या होत्या आणि मोकळेपणाने बोलणारे हे पहिलेच माणूस भेटले होते.

या गोष्टीस आज अडतीस वर्षे होत आली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून ओव्हरसियरची परीक्षा उतरून दोन वर्षे झाली होती आणि कालव्याच्या बाराव्या मैलावरील मातीकामावर माझी नेमणूक होती. सन अठराशे एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत खानेसुमारी, म्हणजे घरोघरच्या माणसांची मोजणी, ठरली, तेव्हा मजुरांच्या तळावरील एकशे चौदा झोपड्यांचा गणतीदार म्हणून माझे नाव लागले. नियमांचे पुस्तक मी दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा त्याचे टिपण काढले. काम तीन टप्प्यांचे होते. प्रथम घरोघर जाऊन काळ्या शाईने तक्ता भरावयाचा. मग तपासनिसांपुढे तो पडताळावयाचा. अखेरीस सतरा तारखेच्या रात्री पुन्हा प्रत्येक झोपडीशी जाऊन, जो हजर नसेल त्यास तांबड्या शाईने कमी करावयाचे. दुर्बीण लावून जमिनीची लेव्हल घेण्याइतकेच मला ते काम सरळ वाटले होते.

दुपारची सुटी होती. बाई भाकरी थापीत होती. तिचा नवरा अजून मातीच्या खाणीवरच होता.

“घरधन्याचे नाव?”

“सुंद्रे, बापाचं नाव सांग सायबास्नी.”

कोपऱ्यात बसलेली आठेक वर्षांची मुलगी म्हणाली, “सटवा.”

बाईचे नाव चिमा. वये आम्ही दोघांनी मिळून ठरवली. सटवा पस्तीस, चिमा अठ्ठावीस, सुंद्रा आठ. मूळ गाव माणदेशातले. धंदा मजुरी. लिहिता-वाचता कोणासही येत नाही. उत्तरे ती झटपट देत होती, मध्येच भाकरी उलथीत होती. मग मी शेवटच्या रकान्याशी आलो आणि पुस्तकात होता तसाच प्रश्न विचारला.

“घरात कोणी आंधळा, बहिरा-मुका, वेडा किंवा महारोगी आहे काय?”

आधीच्या सव्वीस झोपड्यांत माझा प्रश्न संपण्यापूर्वीच ‘न्हाई’ आले होते. काही ठिकाणी शिवीसह आले होते. चिमाने मात्र भाकरी तव्यावरून काढून टोपलीत ठेवली आणि मुलीला घागर देऊन आडावर पिटाळले.

“हे कशापायी इचारत्यात?”

“असे लोक किती आहेत ते सरकारास कळावे म्हणून.”

“मोठ्या दुष्काळात बी अशीच यादी केलेली.” ती जरा पुढे सरकली. “आमी सडकेच्या कामावर व्हतो तवा. एक सायेब आला. कोन आंधळं, कोन पांगळं, कोन कामाला निकामी, सगळ्यांस्नी येगळं बशिवलं आन् लिवून घेतलं. माझी सासू आंधळी. तिच्या गळ्यात बिल्ला बांधला. रोज दानं मिळालं तिला, पाऊस पडूस्तवर. म्हातारी तरली बगा.”

“हं.”

“माझा थोरला किसना सहा वर्साचा. लई वाळला व्हता. कारकून म्हनला, ह्येला बी लिवू का? म्या म्हनलं, न्हाई, माझं पोर धडधाकट हाय, ते भिकाऱ्यांच्या यादीत कशाला?” ती तव्याकडे पाहत होती. “धा दिसांत गेला. म्हातारी ऱ्हायली आन् पोर गेलं.”

मी टाकाचे टोक पुसले.

“ह्यांचा उजवा हात गेलाय,” ती हळूच म्हणाली. “वर्स झालं. परवा चुलीतला इस्तू हातानं उचलला आन् कातडं जळल्याचा वास आला तवा कळलं, म्या वरडले म्हनून. बोटं मिटत न्हाईत. सकाळी म्या फडक्यानं हात कुदळीच्या दांड्याला बांधून देते. हैबती मुकादमाला वाटतं, फोड आल्यात.”

त्या तळावर काम जोडीने चाले. पुरुष खणी, बायको पाटी वाही. मुकादमाच्या पटावर जोडीचीच नोंद असे. एक मोडला की दुसऱ्याचे नाव आपोआप जाई. हे मला ठाऊक होते आणि तिलाही होते.

“कानाला, कपाळाला काही?” मी विचारले. पांढरे कोड या रकान्यात लिहू नये अशी पुस्तकात सूचना होती, म्हणून विचारणे भाग होते.

“कान जाड झाल्यात. भुवया गेल्या.”

“ठीक.”

“मंग लिवा. ह्यांस्नी सांगू नगा, त्यास्नी आवडायचं न्हाई. पर हैबतीच्या कानावर जायाचं न्हाई न्हवं?”

“हा कागद सरकारी आहे. सरकारखेरीज कोणी पाहत नाही.”

“आन् सरकारात पोचंल ह्यो?”

“पोचेल. मुंबईपर्यंत.”

तिने पदराने डोळे पुसले, पण ते पाणी धुराने आले असेल. मी टाक दौतीत बुडवून शेवटच्या रकान्यात शब्द लिहिला, वर वाळू टाकली आणि फुंकली. तालुक्याचे सगळे गणतीदार म्हणत असत की हा रकाना कोराच जाणार, लोक खरे सांगत नाहीत. माझ्या तक्त्यात एक नोंद खरी उतरली होती. अठ्ठाविसाव्या झोपडीकडे जाताना मी खूश होतो.

दहा तारखेस तळाशेजारच्या आसरवाडीच्या चावडीत पडताळणी झाली. तपासनीस तालुक्याहून घोड्यावर आले होते. पाटील, कुलकर्णी वर बैठकीवर होते आणि पायरीवर तळाचा हैबती मुकादम व त्याची चार माणसे. कोणाचे नाव गळले असेल तर तळाच्या प्रमुखाने सांगावे म्हणून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावयाची, अशी रीत होती. ती पुस्तकात नव्हती. तपासनिसांची होती, आणि मला अगोदर दोन दिवस कळवलेली होती.

मी वाचत गेलो. हैबती ‘बराबर’ म्हणत गेला. पारूचे वय मी बावीस वाचले तेव्हा तो म्हणाला, “बावीस? मंग म्या अजून पाळन्यात हाय.” चावडी हसली. तपासनीसही हसले.

सत्तावीस नंबरपाशी मी थांबलो.

“का थांबलात, लवाटे?”

“शेवटच्या रकान्यात नोंद आहे. ती आपण स्वतः पाहावी, अशी विनंती.”

“ओळ म्हणजे पुरी ओळ. वाचा.”

मी तक्ता त्यांच्या हाती देऊ शकलो असतो. रकाना सोडून पुढच्या ओळीवरही जाऊ शकलो असतो, कोणाच्या ध्यानात आले नसते. मी वाचले, “सटवा, पुरुष, पस्तीस, विवाहित, मजुरी. महारोगी.”

“वा!” तपासनीस म्हणाले. “अठरा गावे तपासली, हा रकाना कोणी भरलाच नाही. झोपेत लिहिल्यासारखे तक्ते. याला म्हणतात काम.”

हैबती पायरीवरून उठून उभा राहिला. “कोन सटवा? हात बांधून येतुया त्यो?”

“पुढची ओळ,” तपासनीस म्हणाले.

“आवो, एकाच आडाचं पानी पितुया आमी सगळी!”

मी पुढची ओळ वाचली. तिला ‘बराबर’ म्हणण्यास पायरीवर कोणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चिमा माझ्या तंबूशी आली. डोक्यावर एक बोचके आणि त्यावर पालथा तवा. पलीकडे बाभळीखाली सटवा पाठमोरा बसला होता, उजव्या हातावर फडके. मुलगी त्याच्यापासून चार हात दूर बसली होती. तिला कोणीतरी तसे बजावले असावे.

चिमाच्या कपाळाला खोक पडली होती. मी त्याकडे पाहिले.

“आडावर बायांनी दगूड मारला. पारूनंच.” तिने बोचके खाली ठेवले. “झोपडी पाडली. हैबतीनं जोडी मोडली. असू द्या, रावसायब. कवातरी कळनारच व्हतं. तुमचा दोष न्हाई, चावडीत भिताडाला बी कान असत्यात. आता बिल्ला द्या म्हंजे आमी निगतो.”

“कसला बिल्ला?”

“दान्याचा. का तालुक्याला जाऊन घ्यावा लागतुया? जाऊ की. चार कोस तर हाय. सकाळी निगाल्यावर माणूस—”

“चिमाबाई,” मी म्हणालो, “दाणे नाहीत.”

“आज न्हाईत तर चार दिसांनी घिऊ.”

“ही ती यादी नव्हे. त्या वेळी दुष्काळ होता. ही नुसती मोजणी आहे.”

“मोजून काय करनार?”

“किती माणसे आहेत ते कळते. दर दहा वर्षांनी मोजायचे असे ठरले आहे.”

“आन् ज्येचा हात गेला, त्येला?”

“त्यालाही मोजतात.”

तिने बोचक्यावरचा तवा सारखा केला. ओरडेल असे मला वाटले. ओरडली असती तर मला उत्तर देता आले असते. मी तिला कधीच कबूल केले नव्हते, दाण्याचा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता, हे मी म्हणालो असतो.

“तुमास्नी म्हाईत व्हतं? म्या किसनाचं सांगत व्हते तवा?”

“होते.”

“आन् म्या लिवा म्हनलं तवा बी?”

“होय.”

“मंग एकदा ‘बाई, तसं न्हाई’ म्हनायला काय झालं व्हतं?”

याचे उत्तर मी आजवर पुष्कळदा शोधले आहे, आणि ते अवघड नाही. तसे म्हटले असते तर तिने सांगितलेले मागे घेतले असते, आणि माझा रकाना इतरांसारखा कोरा राहिला असता. त्या दुपारी मात्र मी टेबलावरची पट्टी उचलून पुन्हा ठेवली.

सटवा उठून आला. तंबूच्या दोरीपासून लांब, आडव्या वाऱ्याला उभा राहिला. मी त्याला रोज कामावर पाहत होतो, पण चेहरा त्या दिवशी प्रथमच नीट पाहिला.

“तिला बोलू नगा, रावसायब. तिनं माझ्या जिवापायी केलं. नाव खोडता येतं का, तेवढं सांगा.”

“आता येत नाही.”

“कवा येतं?”

“सतराच्या रात्री. त्या रात्री जो झोपडीत नसेल त्याचे खोडावयाचे. मेला असेल किंवा निघून गेला असेल, तर.”

त्याने मान हलवली. खाणीवर मी खोलीचे माप सांगत असे तेव्हा तो अशीच मान हलवी.

“हैबतीला म्या इचारलंय,” तो म्हणाला. “त्यो म्हनतो, कागदावर रगतपितीचं घर हाय तवर तळावर पाय ठिवायचा न्हाई. नाव गेलं तर ह्या दोघी ऱ्हातील. चिमाला त्यो दुसऱ्या खाणीवर पाटी देतुया. म्हनला, बाई कामाला वाघ हाय.”

“कुटं जानार तुमी?” चिमा म्हणाली. “हात कोन बांधनार तुमचा?”

“आता बांधायचाच न्हाई.”

“गप बसा.”

“सुंद्रीला काय घालशील? सांग की. माती?”

चिमाने बोचके जवळ ओढले. मी म्हणालो की जिल्ह्याच्या सर्जनसाहेबांस मी पत्र लिहितो, कोठे दवाखान्यात सोय होईल. सटवाने दोन्ही हात जोडले, उजवा डाव्याच्या आधाराने. मी ते पत्र त्याच दिवशी लिहिले. त्याचे उत्तर एप्रिलात आले. रोग्यास समक्ष हजर करावे, असे त्यात होते.

पुढचे चार दिवस ते तिघे कालव्याच्या भरावाखाली उघड्यावर होते, असे मला कळत होते. मी त्या बाजूस तपासणीला गेलो नाही.

सतरा तारखेस गुरुवार होता. दवंडी पिटली होती, त्यामुळे रात्री नऊच्या सुमारास सगळा तळ आपापल्या झोपडीपुढे दिवा घेऊन बसला होता. मी कंदील, तक्ता, पट्टी आणि तांबड्या शाईची दौत घेऊन निघालो. हैबती बरोबर होता. दोन मुले जन्मली होती, एक म्हातारा वारला होता, एक जोडपे रात्रीतून पळाले होते. मी लिहीत आणि खोडीत पुढे जात होतो.

सत्तावीस नंबरची झोपडी पुन्हा उभी राहिली होती, अर्धीच. चिमा दारात बसली होती. आत सुंद्रा झोपली होती.

“सटवा कोठे आहे?”

“न्हाई.”

“केव्हापासून?”

“मंगळवारपासनं. म्या पोरीला घेऊन सरपान येचायला गेले व्हते. आले तर नव्हते. फडकं घडी करून ठिवलं व्हतं.”

“कोणीकडे गेला?”

तिने हनुवटीने डोंगराकडे दाखवले. “तिकडं दोन कोस पान्याचा थेंब न्हाई.”

“आजच्या रात्री जेथे असेल तेथे त्याला मोजतील,” मी म्हणालो. “वाटेवरच्या माणसांसाठीही गणतीदार नेमले आहेत.”

“आन् न सापडला तर?”

पुढच्या महिन्यात मी आसपासच्या नऊ गणतीदारांस गाठून विचारले. त्यांनी फकीर मोजले होते, गोसावी मोजले होते, देवळात निजलेला एक वेडा मोजला होता. उजवा हात गेलेला पुरुष कोणाच्याही तक्त्यात नव्हता.

“खोडा की, सायेब,” हैबती मागून म्हणाला. “खोडल्याबिगर म्या हलनार न्हाई. लोकं मला खात्यात.”

मी तक्ता गुडघ्यावर घेतला. चिमाने माझा कंदील उचलला आणि कागदावर धरला.

“नीट खोडा,” ती म्हणाली. “कुनाला वाचता येऊ ने असं. उद्या कुनी कागद उघडला आन् माझ्या पोरीच्या लगनात सांगितलं तर?”

खोडण्याचा नियम स्पष्ट होता. एकच रेघ, सरळ आणि बारीक. खालचे अक्षर शाबूत राहिले पाहिजे, म्हणजे कोणास कमी केले ते वरच्यांना वाचता येईल. गिचमिड केलेला तक्ता परत येत असे आणि मूळ गणतीदाराकडून पुन्हा लिहवून घेत असत. मी पट्टी ठेवली आणि नावापासून शेवटच्या रकान्यापर्यंत एक तांबडी रेघ ओढली.

हैबतीने वाकून पाहिले. त्यालाही वाचता येत नव्हते. तांबडे दिसले तेवढे त्याला पुरे झाले. “गेला म्हना,” असे पुटपुटत तो पुढच्या झोपडीकडे वळला.

चिमाने कंदील आणखी जवळ आणला. तिची बोटे कागदावरून फिरली, शाईला न लागता.

“आता वाचता येतं का, रावसायब?”

रेघेखाली सटवा होता, पुरुष होता, पस्तीस वर्षांचा होता. सगळे अक्षर न् अक्षर माझ्याच वळणदार हाताचे.

“नाही,” मी म्हणालो.

तिने कंदील खाली ठेवला आणि आत जाऊन मुलीच्या अंगावर पोते ओढले.